इदालीनाच्या घराची किंमत

"आधी बसा, मग सांगा."

इदालीना बोर्बा हे ज्याला त्याला म्हणायची. फादर घरी आले तरी तेच, वीजबिलाची आठवण करून द्यायला माणूस आला तरी तेच. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्याचे सांगायला डॉक्टर खोलीत आला, तेव्हाही तिने त्याला आधी खुर्ची दाखवली. उभ्या माणसाचे बोलणे तिला पुरते वाटत नसे. उभा माणूस मनाने निम्मा दाराबाहेर गेलेला असतो, असे ती म्हणे. पुढे बँकेशी बोलायची वेळ आली तेव्हा फोनवरच्या माणसांनाही तिने सोडले नाही.

"बसलायस का बाळा?"

पलीकडचा माणूस कुठल्या तरी लांबच्या राज्यात, कानाला यंत्र लावून सकाळपासून बसलेलाच असायचा. तो गोंधळायचा. "हो मॅडम, बसलोय."

"बरं. मीही बसते. आता सांग."

आणि तो सांगायचा की तिचे कागद मिळालेले नाहीत.

तिचे घर माझ्या घरासमोर. मधे रस्ता, आणि रस्त्याला लागून कालव्याचा पाट. आम्ही सगळे समुद्रापलीकडच्या अझोर बेटांवरून आलेले, नाहीतर आलेल्यांची पोरे. या खोऱ्यात दुसऱ्यांच्या गाईंच्या धारा काढून म्हातारे झालेले. माझ्या थोरलीला बाप्तिस्म्याच्या वेळी इदालीनानेच हातांवर धरले होते. तेव्हापासून ती माझी कोमाद्रे आणि मी तिचा कोम्पाद्रे. आमच्याकडे हे नाते सख्ख्या बहीणभावापेक्षा कमी धरत नाहीत. त्यामुळे मी जे सांगतो ते पाहिलेले सांगतो.

तिचा नवरा बेल्मिरो मी काम करायचो त्याच गोठ्यावर होता. गाय आजारी पडणार हे त्याला गाईच्या आधी कळायचे, अशी आम्ही त्याची चेष्टा करायचो. घर घेतले तेव्हा ते दोन खोल्यांचे होते. मागचे स्वयंपाकघर, न्हाणीघर, पुढची पडवी, सगळे त्याने पुढे रविवारी-रविवारी स्वतः बांधले. इदालीना चीजच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिथल्या बाया सांगत, की घराचा विषय निघाला की तिचे एकच. "माझ्या बेल्मिरोने बांधलंय. एक माणूस मजुरीला लावला नाही."

बेल्मिरो गाईंचा माणूस होता. लाकडाचा नव्हता. त्या स्वयंपाकघरात टेबलाच्या एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा असायचा. तरी ताटातला रस्सा एका कडेला जमायचा. आम्ही सगळे तो रस्सा त्या कडेकडून खात आलो. कुणी कधी एक शब्द काढला नाही, आणि इदालीनानेही पुठ्ठा बदलताना कुणाला दिसू दिले नाही.

किडन्या गेल्या तेव्हा त्यांनी घरावर कर्ज घेतले. तेव्हा घरांच्या किमती आभाळाला भिडल्या होत्या आणि कर्ज देणारा माणूस आपल्या पायाने घरी यायचा. पहिली दोन वर्षे हप्ता झेपला, मग व्याज चढले. बेल्मिरो गेला. त्याच्या पाठोपाठ किमती पडल्या. पडल्या म्हणजे अशा, की घरावरचे कर्ज घराच्या दुप्पट झाले.

आमच्या रस्त्यावरची घरे एकेक करून बँकांकडे गेली. सिल्वेराचे घर इदालीनाच्या शेजारचे. ते लिलावात गेले आणि बँकेनेच घेऊन कुलूप लावले. दोन महिन्यांत चोरांनी भिंती फोडून तांब्याचे पाइप नेले. अंजिराचे झाड पाण्यावाचून उभे वाळले. कुणीतरी जुन्या गाद्या आणून अंगणात टाकल्या. इदालीना आपले अंगण झाडताना त्यांचेही पुढचे झाडायची.

"मी जाईन," ती मला म्हणाली. "हप्ता झेपत नाही, मग जायलाच हवं. पण माझ्यामागे त्या स्वयंपाकघरात कुणीतरी कांदा परतला पाहिजे. माझं घर असं नको व्हायला."

तिला एवढेच हवे होते.

माणसेही सापडली. एलादियो ओसेगेरा, मिचोआकानचा, बेल्मिरोच्या जागी गोठ्यावर लागलेला. तो, बायको मारिसेला आणि तीन मुले गोठ्यामागच्या पत्र्याच्या ट्रेलरमध्ये राहत होती. त्यांना कर्ज मंजूर झाले होते, पण ठराविक रकमेपर्यंत. वर एक डॉलर नाही. ती रक्कम इदालीनाच्या कर्जाच्या निम्मीसुद्धा नव्हती. म्हणजे शॉर्ट सेल करायचा. घर मिळेल त्या किमतीला विकायचे, आलेले पैसे बँकेने घ्यायचे आणि उरलेले सोडून द्यायचे. त्याला बँकेने हो म्हणावे लागते. ते हो मिळवायला इदालीनाला अख्खे वर्ष लागले.

काम देलियो तोस्तेने हाती घेतले. देलियो आमच्याच पोरांतला, घरांचा एजंट. इदालीनाला तो टीया म्हणायचा, म्हणजे मावशी. चांगल्या दिवसांत त्याच्याकडे चाके माणसाच्या छातीला लागतील असा ट्रक होता. आता तो आईची जुनी गाडी चालवायचा.

"ट्रक कुठाय रे तुझा?" इदालीनाने विचारले.

"बँकेला आवडला, टीया. घेऊन गेले."

"मग तू त्यांना ओळखतोस. बरं झालं. बस."

पहिल्याच फोनला बँकेने सांगितले की विचार करता येणार नाही, कारण मॅडम हप्ते वेळेवर भरत आहेत. ज्याचा हप्ता थकला नाही त्याला अडचण आहे असे बँक मानत नाही. इदालीनाने फोन खाली ठेवला आणि देलियोकडे वळली.

"म्हणजे मी चुकवायचा?"

"चुकवायचा, टीया."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

तिने कारखान्यातून निवृत्त झाल्यावरही शिवणकाम करून, मांस आठवड्यातून एकदाच शिजवून तो हप्ता भरला होता. त्या महिन्यात पैसे हातात असून तिने भरले नाहीत. रविवारी चर्चमध्ये ती नेहमीच्या दुसऱ्या बाकावर न बसता मागे खांबाआड बसली. कुणाला काही माहीत नव्हते, तरी.

मग कागद सुरू झाले. अडचण काय आहे ते स्वतःच्या शब्दांत लिहून द्या, असे बँकेने कळवले. इदालीनाने दोन शब्द लिहिले: नवरा वारला.

"आणखी लिहा की," देलियो म्हणाला.

"मेल्यावर आणखी काय लिहायचं असतं?"

देलियोने फॅक्स केले, ते पोचले नाहीत. परत केले, ते पोचले पण जुने झाले, कारण तोवर महिना उलटला होता. मग ट्रॅव्हिस नावाचा एकजण भेटला. बोलायला चांगला होता, दोन वेळा तोच फोनवर आला, इदालीनाला आईची विचारपूस केल्यासारखे विचारायचा. तिसऱ्या वेळी दुसरीच बाई. "ट्रॅव्हिस आता या विभागात नाहीत." नव्या बाईने बेल्मिरोची सही मागितली.

"त्याच्या मृत्यूचा दाखला पाठवलाय ना," इदालीना म्हणाली.

"हो मॅडम, मिळालाय. पण त्यावर त्यांची सही नाही."

तेव्हा मी तिथेच बसलो होतो. मला वाटले आता ही भडकणार. इदालीनाने फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "कोम्पाद्रे, पोर थकलेली आहे बघ. सकाळपासून काही खाल्लं नसणार." मग हात काढून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. ती रोज सकाळी भांडी आवरली की फोन लावायची. धुक्याचे दिवस सरले, बदाम फुलले, फुले गळून रस्ते पांढरे झाले, तरी फोन चालूच.

ईस्टरनंतर बँकेने पहिल्यांदा बरे काही कळवले. घराची किंमत ठरवायला माणूस पाठवतो. तो सांगेल त्या किमतीच्या जवळपास एलादियोची रक्कम असली, तर मंजुरी मिळेल. देलियो बजावून गेला, "टीया, घर जसं आहे तसं राहू द्या. उगाच काही करू नका."

"मी काय करणार?" इदालीना म्हणाली. आणि ते खरेच होते. तिच्या मनात काही नव्हते.

पण ईस्टर ते पेंटेकॉस्ट या सात आठवड्यांत आमच्याकडे पवित्र आत्म्याचा मुकुट घरोघरी जातो. एकेका घरी एकेक आठवडा. कुणाकडे कधी, हे आदल्या वर्षीच चिठ्ठ्या टाकून ठरते. आमच्या गावात चिठ्ठी निघायला माणसाचे आयुष्य जाते. बेल्मिरोची कधी निघाली नाही. त्या वर्षी पाचवा आठवडा इदालीनाचा होता, आणि बँकेचा माणूस नेमका त्याच आठवड्यात येणार होता. हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. तरी दोन गोष्टींची सांगड कुणी मनात घातली नाही. मुकुट एकीकडे होता, बँक दुसरीकडे.

मुकुट ज्या घरी येतो ते घर कसे ठेवतात हे आमच्या माणसांना सांगावे लागत नाही. कुंपण मी रंगवले. माझ्या जावयाने पडवीची कुजलेली फळी बदलून तिच्यावर रंग चढवला. चर्चच्या मंडळातल्या बायांनी भिंती पुसल्या, पडदे धुतले, पुढच्या खोलीत पायऱ्यापायऱ्यांची वेदी उभारून तिला पांढरे रेशीम आणि कागदी फुले लावली. कुणीतरी स्वयंपाकघरात नवे लिनोलियम टाकून गेले. रविवारी मिरवणुकीने मुकुट आला तेव्हा त्याखालची रेशमी उशी कुणाच्या हातात होती? देलियोच्या. कोट घालून, डोळे मिटून, तो उंबऱ्याआत गेला. त्यालाही आठवले नाही.

गुरुवारी किंमत ठरवणारा आला. जपमाळेची वेळ व्हायची होती, घर माणसांनी भरले होते. इदालीनाने त्याला बसवले. मुकुटाच्या आठवड्यात दारात आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. त्याला पावावर ओतलेला मांसाचा रस्सा वाढला, पुदिन्याची काडी घातलेला, वर गोड पाव. तो दोनदा वाढून घेऊन जेवला. सगळीकडे फिरला, फोटो काढले. जाताना म्हणाला, "इतकं राखलेलं घर मी या तालुक्यात पाहिलं नाही." आम्ही सगळे खूश झालो. एका बाईने त्याला पावाची पुडी बांधून दिली.

दोन आठवड्यांनी बँकेचे उत्तर आले. घराची किंमत एलादियोच्या रकमेपेक्षा खूपच जास्त आहे. नामंजूर.

देलियोने ते सांगितले आणि मग त्याचा चेहरा पडत गेलेला मी पाहिला. त्याने कपाळाला हात लावला. "उशी माझ्या हातात होती," तो म्हणाला. "फळी कुणी बदलली ते मला माहीत होतं. मी स्वतः पडद्यांची दोरी बांधली."

"त्या माणसाचं काही चुकलं नाही," इदालीना म्हणाली. "दिसलं ते त्याने लिहिलं."

"दाद मागता येते, टीया. घराचे दोष दाखवायचे. फोटो काढून, सुताराकडून लिहून घेऊन. मागचं बांधकाम परवानगी न घेता केलेलं आहे. जमीन कलती आहे. खालचे वासे..."

तो थांबला, कारण तिने त्याच्याकडे पाहिले.

"बेल्मिरोने वाईट बांधलं, असं मी लिहून देऊ?"

"वाईट म्हणजे, टीया..."

"त्याच्या सहीसाठी अडून बसले होते. आता त्याच्याविरुद्ध माझी सही घेऊन जा म्हणतोस."

देलियो टोपी घेऊन उठला. ती त्याला बस म्हणाली नाही.

त्यानंतर तिने फोन लावणे बंद केले. जून गेला. एलादियो एकदा येऊन दारातूनच म्हणाला की दुसरीकडे घर बघू का, कर्जाची मंजुरी सप्टेंबरला संपते. ती म्हणाली, "बघ." जुलैत तिच्या दारावर लिलावाचा कागद चिकटला. लिलाव ऑगस्टच्या शेवटी, मर्सेडच्या कचेरीच्या पायऱ्यांवर. कागद तिने काढला नाही, झाकलाही नाही. येणारा-जाणारा वाचत होता.

एका सकाळी ती झाडू घेऊन सिल्वेराच्या पुढचे झाडायला गेली. मी पाटाचे पाणी फिरवत होतो. झाडता झाडता ती त्यांच्या मागच्या बाजूला गेली आणि बराच वेळ आली नाही, म्हणून मी गेलो. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. आत भिंतीतून सिंक उपटून नेले होते. ओट्याच्या फळ्या जमिनीवर पसरल्या होत्या, त्यांच्यावर मांजरांची घाण. त्या ओट्यावर सिल्वेराची बायको आणि ही, दोघी ईस्टरचे पाव मळायच्या.

"चांगलं बांधलेलं होतं हे," इदालीना म्हणाली. "सिल्वेराने सुतार लावला होता. फळीला फळी कशी बसली होती, आठवतं?"

"आठवतं."

"काय उपयोग झाला त्याचा?"

ती झाडू तिथेच टेकवून माझ्याबरोबर परत आली. माझ्या गॅरेजपाशी थांबून म्हणाली, "कोम्पाद्रे, तुझी पहार दे. आणि देलियोला बोलाव. म्हणावं, जुने कपडे घालून ये."

देलियो दुसऱ्या एका घराच्या कामासाठी कोर्टात गेला होता, तिथूनच येत होता. तो टायसकट आला. तोवर इदालीनाने गुडघ्यांवर बसून मुकुटासाठी टाकलेले नवे लिनोलियम एका कडेने उचकटले होते. खाली जुने होते, तेही उचकटले. त्याखालच्या फळ्या काळ्या पडल्या होत्या, आणि सिंककडच्या बाजूला पहारीचे टोक लोण्यात जावे तसे आत गेले. देलियो बाहेरून घराखाली शिरला. आम्हाला त्याचा आवाज जमिनीतून ऐकू यायचा.

"टीया, इथे कॉफीचे डबे आहेत."

"कसले डबे?"

"कॉफीचे. सिमेंट भरून एकावर एक ठेवलेत. घर त्यांच्यावर उभं आहे."

इदालीनाने पहार खाली ठेवली. मग इदालीना म्हणाली, "म्हणून कॉफी संपली रे संपली की हा डबा मागायचा. मला वाटायचं खिळे ठेवतो."

मला हसू आले. खालून देलियोही हसला, आणि त्याचे डोके वाशाला लागल्याचा आवाज आला. तीही हसली. हसत असतानाच तिने ॲप्रनचे टोक तोंडावर धरले आणि मागच्या खोलीत गेली. आम्ही दोघेच मोजमाप घेत राहिलो.

फोटो गेले. सुताराने लिहून दिले. तालुक्याच्या कचेरीतून मागच्या बांधकामाला परवानगी नसल्याचा दाखला आणला. पण बँक म्हणाली, किंमत एकदा ठरली की सहा महिने तीच धरतात. फोन पुन्हा सुरू झाले. ही नाही, तिच्या वरची द्या. ती नाही, तिच्याही वरची. शेवटी हॅस्किन्स नावाची कुणी साहेबीण आली. आवाज जड, घाईतला.

"बसलात का बाई?" इदालीनाने विचारले.

"मी उभ्यानेच काम करते. पाठीचं दुखणं आहे."

"अस्सं," इदालीना म्हणाली, आणि खुर्चीवरून उठली. "मग मीही उभी राहते."

इतक्या वर्षांत तिला उभ्याने बोलताना मी पहिल्यांदाच पाहिले. तिने टेबलाची कड धरली. म्हणाली, तुमचा माणूस आला तेव्हा आमच्याकडे सण होता. तुमच्याकडे नाताळला घर जसं दिसतं तसं त्याने पाहिलं. तो खोटं बोलला नाही, मीही नाही. पण ते घर आठवडाभराचं होतं. खरं घर आता उघडं करून ठेवलंय. कुणालाही पाठवा. जेवण देणार नाही. 

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग साहेबीण म्हणाली, "आश्वासन देत नाही."

"मी मागितलंही नाही. माणूस मागितलाय."

आठवडा गेला तरी काही आले नाही. दुसऱ्या आठवड्यात मोडेस्टोहून बँकेने पाठवलेली एक बाई आली, पामेला नावाची, चामड्याची फाइल छातीशी धरलेली. इदालीनाने तिला बसवले, पाण्याचा पेला दिला आणि मग उठवून हाताला धरून घर दाखवले. मी आणि देलियो दारात उभे होतो.

"हे दार पावसाळ्यात लागत नाही. बेल्मिरो ते खालून तासत गेला, मग उन्हाळ्यात खालून वारा यायला लागला. ही खिडकी चौकोनी नाही. पट्टी धरून बघा. इथे भिंतीला हात लावा, ओलं लागतं ना? न्हाणीचा पाइप उलट्या उताराने घातलाय. मी त्याला कधी सांगितलं नाही. तो गोठ्यावरून यायचा, हात सुजलेले असायचे, तरी रविवारी हातोडा घ्यायचा. तेही लिहा. नाही, ते नका लिहू. हे टेबल बघा. हा पुठ्ठा."

तिने वाकून पुठ्ठा काढला आणि टेबलाचा पाय खाली टेकला. पामेलाचा पेला घसरला, देलियोने तो धरला.

पामेला म्हणाली, "बाई, बसा तुम्ही जरा."

आणि इदालीना बसली.

लिलावाच्या आदल्या आठवड्यात देलियो आईच्या गाडीतून आला. त्याने गाडी अर्धी रस्त्यातच सोडली. इदालीनाने खुर्ची दाखवायच्या आत तो बसला.

"मंजूर. एलादियोच्या रकमेला. उरलेलं सोडलं त्यांनी, लेखी दिलंय."

"लिलाव?"

"रद्द."

"आणि मला काय?"

"तुम्हाला काही नाही, टीया. एक डॉलरही नाही. तीस दिवसांत घर सोडायचं."

तिने मान हलवली. दारावरचा कागद तिने त्याच्याकडूनच काढून घेतला, कारण वरचे टोक उंच होते. मग तिने एलादियोला निरोप पाठवायला मला गोठ्यावर धाडले. मी सांगितले तेव्हा तो धारेला बसला होता. हात न थांबवता त्याने कपाळ गाईच्या कुशीला टेकवले, आणि तसाच राहिला.

इदालीनाने चर्चमागे, विधवा बायका राहतात त्या चाळीत एक खोली घेतली. सामान माझ्या जावयाने नेले. सप्टेंबरच्या मधल्या शनिवारी किल्ली द्यायला ती पायी आली. एलादियोचे दोघे भाऊ स्वयंपाकघरातल्या फळ्या उपटत होते. जमीन दुरुस्त करून द्यायची अट त्याच्या बँकेने घातली होती. अंगणात कुजक्या फळ्यांचा ढीग, आणि एका बाजूला सिमेंटचे डबे ओळीने मांडलेले. तिला पाहून एलादियोने हात वर केला तशी ठोकाठोक थांबली. मारिसेला ओशाळून पुढे झाली. ती इदालीनाला मानाने दोन्या म्हणायची.

"दोन्या इदालीना, तुम्ही येऊन गेल्यावर सुरू करणार होतो. यांना दम नाही."

"कशाला थांबायचं?" इदालीना म्हणाली. "हिवाळा लागला की खालची माती ओली होते. सिंककडून घ्या. तिकडचं सगळ्यात वाईट आहे."

ती डब्यांपाशी उभी राहिली. एका डब्यावरच्या रंगीत पत्र्यावर अजून अक्षरे दिसत होती. तिने बुटाच्या टोकाने तो थोडा हलवून पाहिला, हलला नाही.

"भक्कम आहेत," एलादियोचा भाऊ म्हणाला. बोलायचे म्हणून बोलला असावा.

"कुंपणाच्या खांबांना लावा मग," ती म्हणाली.

तिने मारिसेलाच्या हातात किल्ली दिली. बागेतला नळ डावीकडे फिरवला की बंद होतो, उजवीकडे नाही, हे सांगितले. पोरांना पाटाच्या कडेला एकटे सोडू नकोस म्हणाली. मी गाडी काढतो म्हणालो. तिने हाताने नको केले.

"कोम्पाद्रे, चार गल्ल्या तर आहेत. तू तुझं पाणी बघ."

ती रस्त्याच्या मधून चालत गेली, कारण कडेला सिल्वेराच्या अंगणातला कचरा पसरला होता. तिथे एकदा थांबली. कुंपणाचा खांब धरून तिने बुटातला खडा झटकला, बूट परत घातला, आणि चालू लागली. मी पाटावर फावडे टेकून पाहत होतो. मारिसेला पडवीत, ओल्या हातात किल्ली. एलादियोचे भाऊ स्वयंपाकघराच्या खिडकीत, पहारी खाली धरून. चर्चच्या कोपऱ्यावर ती वळली.